मनगटाच्या खाली

३ ऑगस्ट १९९७
द.चा अंगठा आज पुन्हा आपणहून नाचला. उजवा. दुकानात प्रसूतिगृहाची पाटी रंगवत होता. ब्रश 'गृ'च्या पोटात आणि अंगठा ठेका धरायला लागला. आधी अंगठा, मग मनगट, मग कोपर. पुढचं त्याला आठवत नाही. शेजारच्या सायकलवाल्याने पडता पडता धरलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "पाटी ओली आहे, हात लावू नका." दुसऱ्या वाक्यात तरी बायकोचं नाव येईल असं वाटलं होतं. तिसऱ्यात आलं म्हणे.
सासूबाईंचं निदान तयारच आहे. "दत्तूच्या हातात कुनीतरी शिरतंय."
मी म्हटलं, उद्या डॉक्टरकडे. त्या म्हणाल्या, "जा की. डाक्टरला बी दिसंल."

६ ऑगस्ट
डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरला. डाव्या बाजूला एक पांढरं वर्तुळ, भोवती करडी सूज. वर्तुळाच्या आत आणखी एक ठिपका. मी विचारलं, हा काय? "ते त्याचं डोकं."
कुणाचं?
कृमीचं. डुकराच्या मांसात वाढणारा कृमी. त्याची अंडी कच्च्या, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, तिथून रक्तात, तिथून कुठेही. द.च्या घरात तीन पिढ्यांची माळ, अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलं नाही, आणि डोक्यात डुकराचा पाहुणा. कोशिंबिरीच्या वाटेने आलेला.
नवऱ्याचं डोकं चालत नाही ही माझी जुनी तक्रार. आता दोन आहेत.
गोळ्या दिल्या. फिटची गोळी रोज, न चुकता. मनाने बंद करायची नाही. एकदम बंद केली तर आधीपेक्षा मोठी फिट येते, आणि ती थांबतच नाही कधी कधी. हे बाईंनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा द.कडे बघून.
घरी येऊन सा.बा.ना सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता, "म्हंजे हाय. मी म्हनतच व्हते."
विज्ञानाने आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंची बाजू घेतली.

१९ ऑगस्ट
गोळ्यांनी द.ला दोन दोन दिसतं. चालतो तर बोटीवरून उतरल्यासारखा. जिन्यात खालचे पवारकाका भेटले. हळूच म्हणाले, "वहिनी, आता दुपारपासूनच का?" मी म्हटलं, "हो, आणि डॉक्टरच पाजतात." काका दोन दिवस तोंड चुकवतायत.
दुकानातल्या पाट्यांवर अक्षरांना सावल्या पडायला लागल्यात. गिऱ्हाईक म्हणालं, वा, नवीन स्टाइल. द. हसला नाही.
अंगठा आज जेवताना हलला. थोडाच. ताटाच्या काठावर वाजत होता. टक टक्-टक, टक टक्-टक. सा.बा. ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "संबळ हाय ती." गोंधळ्यांची. मी ताट ओढून घेतलं. अंगठा हवेत वाजवत राहिला. आवाज नव्हता, तरी ठेका कळत होता.

२८ ऑगस्ट
सा.बा. पहाटेच्या एस.टी.ने देवीच्या गडावर जाऊन आल्या. या वयात. कुणाला न सांगता. माहेर वणीचं, त्यामुळे गड म्हणजे शेजारच्या आळीत जाऊन आल्यासारखं बोलतात. लाल धागा आणला. द.च्या उजव्या मनगटावर घट्ट आवळला, गाठीवर गाठ.
"ह्याच्या वर येनार नाय आता ते."
द. माझ्याकडे बघत होता. मी गेल्या वर्षीच पेपरातल्या माझ्या सदरात गंडेदोऱ्यांवर लिहिलं होतं. संपादकांना तीन पत्रं आली होती, एक रक्तवर्णी शाईचं. मी म्हटलं, "राहू दे. रंग शोभतोय."

५ सप्टें.
लिहू की नको. लिहिते.
चहा घेताना सुरू झालं. अंगठा. द.ने कप ठेवला, डाव्या हाताने धागा धरला आणि पिळला. मी समोर बसले होते. अंगठा उड्या मारत होता, त्यामागून बोटं, मग तळहात. कातडीखालून काहीतरी वर सरकत होतं. धाग्यापाशी आलं आणि थांबलं.
थांबलं म्हणजे थांबलं. वरचा हात गप्प. टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा. खालचा वेड्यासारखा. मग तोही निवला.
सा.बा. देवघरात होत्या. बाहेर आल्याच नाहीत. नुसतं विचारलं, "थांबलं ना?"

१२ सप्टें.
डॉक्टरीणबाईंना धाग्याचं सांगितलं. त्या हसतील म्हणून सांगितलं, खरं तर. हसल्या नाहीत. म्हणाल्या, फिट हातापासून सुरू होत असेल तर तो हात घट्ट आवळल्यावर कधी कधी ती अडते. पूर्वी लोक पट्टा बांधत. मेंदूला दुसरीकडून हाक दिल्यासारखं असतं. "पण त्याने किडा जात नाही. गोळी चालूच ठेवायची."
रिक्षात मी द.ला बजावलं, यातलं दुसरं वाक्य आईंना आधी सांग. त्याने पहिलंच सांगितलं.
सा.बा. अत्यंत नम्रपणे जिंकल्या. मला जास्तीचं तूप वाढलं.

२४ सप्टें.
द. छान आहे. झोकांड्या नाहीत, दोन दोन दिसत नाही. एका ट्रकच्या मागे 'आई तुझा आशीर्वाद' असं काढलंय की ट्रक पुढे गेला तरी लोक मागे बघत उभे. मुंबई नाक्याला कुणीतरी संगणकाने अक्षरं कापायचं यंत्र आणलंय. द. बघून आला. म्हणाला, "सुबक आहेत. सगळे 'अ' सारखेच." त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी शिवी मी ऐकलेली नाही.
मग म्हणाला, "सुमन, ते जात नाही गं."
काय?
"धाग्याशी अडतं ते. परत जात नाही. थांबून राहतं. दाराशी कुणी उभं असलं की आतल्याला कळतं, तसं." आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवून धुवायला लागला.
मी विनोद करायला तोंड उघडलं होतं.

७ ऑक्टो. हॉस्पिटल, व्हरांडा
काल दुपारी आली. धाग्याशी थांबली नाही. दोन्ही हात, पाय, डोळे वर, ओठ निळे. एक संपते न संपते तोच दुसरी. मधे शुद्ध नाही. पवारकाका आणि मी, पाय दुमडून रिक्षात घातलं. सा.बा. मागे धावत आल्या. नवरात्राची पाचवी माळ, देवाशी दिवा तसाच.
बाई नव्हत्या, त्यांच्या हाताखालचा धाकटा डॉक्टर होता. तरुण, अनवाणी. नवरात्रात चपला नाहीत, दर वर्षी गडावर पायी जातो म्हणाला. मला धास्ती वाटली. पण काम चोख. आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. मग फिटचं शिरेतून द्यायचं म्हणाला. लावलेली ग्लुकोजची बाटली स्वतः काढली. ग्लुकोजमध्ये हे औषध साखळतं, खडे होतात, म्हणून नुसत्या मिठाच्या पाण्यातूनच द्यायचं. सा.बा. म्हणाल्या, ग्लुकोजने ताकद येती ना? म्हणाला, "आजी, आज ताकद नको, शांती पाहिजे." छातीला तारा लावल्या. भसकन दिलं तर हृदय थांबतं, म्हणून यंत्राकडे बघत बघत, अगदी हळू.
डाव्या हाताची सुई झटक्यांत दोनदा निघाली होती. म्हणून उजवा हात. पंजाच्या मागची शीर. धागा आड येत होता. त्याने कात्री घेतली, थबकला, सा.बा.कडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "घट उठंपर्यंत नाय." सिस्टरने धाग्याला बोट लावून कपाळाला लावलं. मी सह्या करत होते. शेवटी त्याने धागा थोडा वर सरकवला, मनगटाच्या वर, आणि सुई खाली लावली. देवीही राहिली, औषधही गेलं. विज्ञान आणि श्रद्धा यांचा इतका सुबक समेट मला सदरात कधी जमला नव्हता.
फिट थांबली. हात फळीला बांधून चादरीखाली ठेवलाय. शांत झोपलाय. सिस्टर म्हणाली, उठवू नका.

७ ऑक्टो. दुपार
मोठ्या डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. चादर काढली. फळीची पट्टी सोडली.
हात द.चा नव्हता. जांभळा. पिकलेल्या जांभळासारखा, बोटांच्या टोकांशी काळा. टम्म. आणि तो रंग धाग्यापाशी संपत होता. वर द.चा गोरटेला हात, धाग्याच्या खाली दुसऱ्या कुणाचा तरी. कुणीतरी त्याला हातमोजा घालून गेलं होतं.
बाईंनी सुई काढली. "कात्री." धागा मांसात रुतला होता, खालून कात्री जाईना. टाके कापायच्या पात्याने कापला. सा.बा. भिंतीकडे तोंड करून उभ्या. कापलेला धागा कचऱ्यात जाऊ दिला नाही, पदरात बांधला.
हात वर टांगला. नाडी बघतात दर थोड्या वेळाने, एकदा सापडते, एकदा शोधावी लागते. सर्जन येऊन गेले. दाब वाढला तर हात उभा चिरावा लागेल.
द. गुंगीत आहे. अजून पाहिलेला नाही.

८ ऑक्टो.
आधी हे. गोळ्या. द.ने धागा बांधल्यावर पंधरा दिवसांत बंद केल्या होत्या. उशीच्या अभ्र्यात सापडल्या नाहीत की काही नाही, सरळ सांगितलं त्याने आज. "गोळीने अक्षर फाटत होतं. धाग्याने नव्हतं फाटत." म्हणून झोकांड्या गेल्या होत्या. मी ट्रकच्या अक्षरांचं कौतुक करत होते.
बाईंनी व्हरांड्यात सगळं सांगितलं. हे औषध शिरेतच राहायला हवं. बाहेर पाझरलं तर मांस जाळतं. म्हणून जाड, मोठी शीर शोधायची, पंजाची बारीक नव्हे. हळू द्यायचं, मागून मिठाचं पाणी सोडायचं, आणि हात उघडा ठेवून सारखा बघायचा. पेशंट जागा असला तर तो ओरडतोच, जळतंय म्हणून. हा झोपेच्या इंजेक्शनखाली होता.
"आणि धागा?"
"आत गेलेलं परत वर जायचा रस्ता धाग्याने बंद केला."
धाकटा डॉ. तिथेच उभा होता. पायाला धूळ. "काकू, हृदय सांभाळलं, औषध सांभाळलं. हात चादरीखाली ठेवायला मीच सांगितलं, वारा लागू नये म्हणून. आणि कात्री... नाही चालवता आली." मला त्याला झोडपायचं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती, चांगली होती. पण त्याच्या मागे सा.बा. भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ऐकत होत्या.

११ ऑक्टो. दसरा
हात चिरावा लागला नाही. सूज एका बोटाने उतरलीय. रंग तसाच. द.ने आज नीट पाहिला. पालथा-उताणा करायला लावला मला. म्हणाला, "हा शेड मला कधी मिसळता आला नाही."
दुपारी घरी जाऊन त्याचे ब्रश पाटावर मांडले, झेंडू वाहिला. दर वर्षी तोच करतो. सपाट, गोल, एक केसाएवढा, मात्रा-वेलांट्यांचा. हळदीकुंकू लावताना क्षणभर माझ्याच अंगठ्याकडे बघत राहिले.
सा.बा. पूजेला आल्या नाहीत. घट उठले, त्या उठल्या नाहीत.

१६ ऑक्टो.
घरी आणला. सा.बा.नी आज तोंड उघडलं. मी बोटांना मलम लावत होते.
"सुमन, मी त्याला वर जाऊ दिलं नाय."
हं.
"खाली कोंडलं. कोंडल्यावर ते काय करनार? तिथंच घर केलं त्यानं."
मी म्हटलं, आई, औषध होतं ते, पाझरलं. बाईंनी समजावून सांगितलं ना. त्या म्हणाल्या, "व्हय. तेच की." आणि हाताकडे पाहत राहिल्या. ज्याला बसायला सांगितलं नाही आणि तरी बसलाय अशा माणसाकडे पाहतात तसं.

३० ऑक्टो.
दिवाळी. संपादकांचा फोन: रविवारच्या अंकासाठी काहीतरी खुसखुशीत? म्हटलं, नवऱ्याच्या हाताचं कातडं निघतंय, खुसखुशीतच आहे. फोन ठेवला गेला, त्यांच्याकडून.
खरंच निघतंय. मोज्यासारखं. खाली नवं, गुलाबी. करंगळी हलते. मधलं बोट हलतं. तर्जनी आज वाटीच्या काठाला टेकली. अंगठा नाही. हलत नाही, टोचलं तर कळत नाही, गरम-गार नाही. अंगठ्याशिवाय ब्रश धरता येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. द. रोज सांगतो, न बोलता. दुकानाची किल्ली डाव्या हाताने लावून बघतो, काढतो, खिशात ठेवतो.
गोळ्या मी हातावर देते आणि गिळेपर्यंत तोंडाकडे बघते. दोन दोन दिसतं त्याला. "दोन सुमन," म्हणाला. "एक तरी गप्प बसेल."

१४ नोव्हें.
एकही फिट नाही. बाई खूश. माझ्याकडून पाठ करून घेतलं: पुन्हा कधी कुठल्याही दवाखान्यात न्यावं लागलं तर काय सांगायचं. आधी असं झालंय. पंजाची शीर नको. हळू. हृदयावर यंत्र. हात उघडा. हातात काही बांधलेलं नको, घड्याळसुद्धा नाही. मी शाळेतल्या मुलीसारखं घडाघडा म्हटलं. अंगठ्याचं विचारलं. "मज्जातंतू भाजलाय. येईल किंवा नाही. महिने लागतात. आला तर आधी थोडासा फडफडेल, मग हुकूम ऐकेल."
द.ने विचारलं, "फडफडेल म्हणजे कसं?"
बाईंनी आपला अंगठा हलवून दाखवला.


६ डिसें.
पुन्हा फोटो. वर्तुळ लहान झालंय. आतला ठिपका दिसत नाही. "मेला बहुतेक." मी म्हटलं, म्हणजे सुटलो? तर म्हणे, मरताना सूज वाढते, काही दिवस उलट जास्त जपायचं. मेलेला पाहुणाही जाताना त्रास देणार. आमच्याकडचे जिवंत असे असतात.
सा.बा.ना सांगितलं, डोक्यातला गेला. त्यांनी फोटो मागून घेतला, खिडकीशी धरला, खूप वेळ. "इथं नाय?"
नाही.
"मंग हातात हाय."
ताटावर बसताना आता त्या द.च्या उजव्या बाजूला बसत नाहीत. आईच्या आणि मुलाच्या मधे एक रिकामा पाट. पवारकाका आले तर त्यावर बसायला निघाले. सा.बा. ओरडल्या.

१७ डिसें.
द. डाव्या हाताने अक्षरं काढतो पाटीवर, खडूने. पहिलीतल्या मुलासारखी. मला दाखवत नाही. पुसतो. आज पुसायच्या आत पाहिली. 'अ' होता, एकच, खूप वेळा काढलेला. एकही दुसऱ्यासारखा नाही.
म्हटलं, संगणकापेक्षा बरं.
"उजवा आला ना," म्हणाला, "तर पहिल्या दिवशी दुकानाची स्वतःची पाटी रंगवतो. इतकी वर्षं राहूनच गेली." आणि मग, "आला तर ओळखू येईल ना गं मला? तोच आहे म्हणून?"

२१ डिसें. रविवार
सकाळ. ऊन सोफ्यावर. द. समोर बसलाय, उजवा हात उशीवर, तळवा वर. सा.बा. स्वयंपाकघरात. मी सदराचं काहीतरी लिहायला बसले होते, ते राहिलं, हे लिहितेय.
अंगठा हलला आत्ता. टोकाशी, जरासा. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं.
बाई म्हणाल्या होत्या, आला तर आधी फडफडेल. आणि बाईच म्हणाल्या होत्या, मरताना जास्त जपा.
परत. या वेळी नखासकट.
बाकीची बोटं गप्प आहेत. मनगट गप्प. आतून भांड्यांचा आवाज थांबलाय. सा.बा. दारात उभ्या आहेत वाटतं, मी वळून पाहिलेलं नाही.
मी विचारलं, "तू हलवलास?"
तो अंगठ्याकडे बघतोय.